खालच्या कोटाची आणि काचमहालाची हकीकत

॥ श्री ॥ ज्याच्या एका श्वासावर राज्ये उभी राहतात आणि जो श्वास कोणत्याच राजाच्या मालकीचा नाही, त्या प्राणदेवतेस नमन करून ही हकीकत मांडिली असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, आश्विन मास. एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मालनबाईसाहेब गादीवर होत्या. राज्याचा विस्तार म्हणाल तर दोन खोल्या, एक सैपाकघर आणि वर गच्ची, आणि प्रजा म्हणाल तर कन्या वैजयंताबाई व बाईसाहेबांची धाकटी बहीण हौसाबाई, इतकीच. थोरले महाराज कैलासवासी होऊन पुष्कळ वर्षे लोटली होती आणि गादीस पुत्र नव्हता, म्हणोन कारभारी, जासूद, वकील आणि भोई ही सर्व कामे वैजयंताबाईंकडेच होती, आणि ती त्या तक्रार न करिता पाहत असत, कारण तक्रार ऐकून घेणाराची जागाही त्यांच्याचकडे होती.

आता मागील वर्तमान ऐसे की, बाईसाहेबांस लहान वयापासून मिश्रीचा शौक. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजावी, कुटून पूड करावी आणि सकाळी ती दातांस लावून उंबऱ्याशी बसावे, यात त्यांस जे सुख वाटे ते गादीवर बसण्यातही वाटत नसे. त्या मिश्रीच्या वाटेने डाव्या गालात एक बंडखोर शिरला आणि त्याने तेथे ठाणे दिले. लोक ज्यास कॅन्सर म्हणतात तोच हा. मग वैद्यदरबारातून किरणांचा तोफखाना आणिला आणि दोन महिने गालावर मारा चालविला, आणि बंड मोडले, आणि आप्तांनी पेढे वाटिले. परंतु तोफखान्याची रीत अशी की, शत्रूचे ठाणे कोणते आणि रयतेचे शेत कोणते हा भेद तो करीत नाही. तीन वर्षांनी असे दिसून आले की बंडखोर गेला खरा, परंतु जाताना त्याच्याबरोबर खालचा कोटही निम्मा जळाला. खालचा कोट म्हणजे खालचा जबडा. त्याचे डावीकडील दात हलू लागले, हिरडीतून हाड डोकावू लागले, तोंड दोन बोटांहून अधिक उघडेना, थुंकी आटली, आणि ज्या बाईसाहेब भाकरीची करपलेली कड आधी मोडून खात आणि मऊ भाग प्रजेस ठेवीत, त्या पेजेवर आणि वाटलेल्या आमटीभातावर दिवस काढू लागल्या.

तेव्हा वैजयंताबाईंनी त्यांस राजवैद्य धारप यांजकडे नेले. राजवैद्य सत्यवचनी. त्यांनी कोटाचे चित्र उजेडापुढे धरिले आणि बोलिले, "हाड मेलंय. किरणांनी आतल्या रक्तवाहिन्या बंद झाल्या, आता तिथं रक्त पोचत नाही. हे दात काढायलाच हवेत आणि त्यांच्याखालचं कुजलेलं हाडही. पण अशा हाडाला जखम केली की ती भरत नाही, उलट पसरते. मग अर्धा जबडा काढून पायाचं हाड तिथं बसवावं लागतं." बाईसाहेब उघडेल तेवढ्याच फटीतून बोलल्या, कारण त्याहून तोंड उघडत नव्हते, "पायाचं हाड तोंडात. म्हणजे बोलले की लाथ मारल्यासारखं होईल." बरोबर आलेल्या हौसाबाई हसल्या. राजवैद्य हसले नाहीत, कारण ते विचार करीत होते. मग त्यांनी मसलत सांगितली ती अशी की, जळालेल्या मुलखात आधी विहिरी खणवाव्या आणि मग शस्त्र चालवावे. दरबाराच्या मागल्या अंगास एक काचमहाल आहे, त्यात माणसास निजवून दार बंद करितात आणि आत शुद्ध ऑक्सिजन, म्हणजे निखळ प्राणवायु, दाबून भरितात. तो दाबामुळे रक्तात विरघळतो आणि जेथे रक्ताचा ओघ पोचत नाही तेथवर झिरपतो, आणि रोज असे केले असता मेल्या हाडाच्या कडेने नवे बारीक झरे फुटतात. शस्त्राआधी वीस बैठका, शस्त्रानंतर दहा. वैजयंताबाईंनी विचारिले, "कोट वाचेल?" राजवैद्य बोलिले, "हमी नाही. वैद्यांतही दोन तट आहेत. काही म्हणतात याचा उपयोग होतो, काही म्हणतात फार फरक पडत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांत काहींचा जबडा राहिला." वैजयंताबाईंनी त्यातले शेवटचे वाक्य तेवढे उचलिले आणि पदरी बांधिले, आणि मोहीम मुक्रर जाहली.

काचमहाल म्हणजे आडवी ठेविलेली एक मोठी पारदर्शक नळी, जीत एक माणूस निजेल इतकीच जागा. त्याचे महालदार तांडेल. हे पूर्वी आरमारात पाणबुडे होते आणि आता वय झाल्याने कोरड्या जमिनीवर लोकांस बुडवितात असे ते आपणच सांगत. त्यांचा कायदा फार कडक. आत इतका प्राणवायु असतो की तेलाचा थेंब आणि एक ठिणगी मिळाली तर महाल आणि आतला माणूस दोन्ही निमिषात जळून जावे. म्हणोन तेल नको, अत्तर नको, लाली नको, नायलॉनचे लुगडे नको, बांगडी, आकडा, सुई, घड्याळ काही नको. केस धुवून कोरडे, अंगावर दरबारचा सुती झगा. हे सर्व पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि हौसाबाईंनी ती पाटी पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचली, आणि तरीही तांडेल रोज प्रत्येकाच्या डोक्याशी वाकून हुंगून पाहत. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी सर्व दागिने काढून दिले आणि विचारिले, "कपाळावरचं गोंदण राहिलं की. खरवडून देऊ?" तांडेल बोलिले, "ते राहू द्या आई, त्याला आग लागत नाही." मग बाईसाहेबांस नळीत सरकविले आणि दार फिरवून बंद केले, आणि आत बाहेर बोलण्यास यंत्र होते त्यावरून तांडेल बोलिले, "आई, आता समुद्रात उतरतोय आपण. अंग कोरडं राहील, पण खोल जायचंय. कानांना दडे बसतील. थुंकी गिळत राहा, म्हणजे उघडतील." आतून आवाज आला, "थुंकी कुठून आणू? ती तोफखान्यानं नेली." तांडेलांनी इतके शिष्य बुडविले, परंतु हे उत्तर त्यांस कोणी दिले नव्हते. मग त्यांनी नाक दाबून हवा कानाकडे ढकलण्याची युक्ती सांगितली आणि उतार हळू केला, आणि बाईसाहेब मुठी आवळून खोल गेल्या. वैजयंताबाई काचेशी बसल्या. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि यंत्रात बोलल्या, "वैजू, मी काय लोणचं आहे का गं, बरणीत घालून ठेवायला?" वैजयंताबाई बोलल्या, "मुरेपर्यंत ठेवायचं आहे." "मासे दिसले तर सांगते," असे बोलून त्या निजल्या.

मग रोजचा परिपाठ सुरू जाहला आणि त्यात लिहिण्याजोगे काही नाही, हेच त्याचे मोठे लिहिणे. सकाळी केस धुवावे, ते वाळत नाहीत म्हणोन पंख्याखाली बसावे, पेज प्यावी, तीन चाकांच्या रथातून दरबारी जावे, आपली पाळी येईतो बाकावर बसावे, झगा घालावा, हुंगून घ्यावे, बुडावे, वर यावे, लुगडे नेसावे, घरी यावे, आणि दुसरे दिवशी तेच. बाकावर दुसरे लोकही असत. कोणाचा मधुमेहाने पाय काळा पडलेला, कोणाचे जळलेले कातडे. ते सर्व एकमेकांस ओळखू लागले होते आणि कोणी एके दिवशी आला नाही तर त्याचे कारण विचारीत नसत. वैजयंताबाईंची झोप कमी जाहली आणि बोलणे त्याहून कमी. रथात बसल्यावर त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि बाईसाहेबच त्यांस दरबार आल्याचे सांगून जागे करीत. आणि बाईसाहेबांचे कान रोज दुखत, थुंकी नसल्याने ते उघडण्यास वेळ लागे, परंतु त्या कधी यंत्रात "थांबवा" म्हणाल्या नाहीत. वैजयंताबाईंस वाटे, आईने मोहीम मनापासून घेतली. ऐसे वाटणे सोयीचे होते, म्हणोन त्या त्याच्या खाली पाहत नसत.

शस्त्राचा दिवस ठरला आणि आधीच्या बैठका संपत आल्या, तेव्हा एके सकाळी तांडेल बाईसाहेबांच्या डोक्याशी वाकले आणि तसेच राहिले. मग बोलिले, "लसूण?" त्यांनी बाईसाहेबांच्या कानावरचे केस बाजूस केले तो आत कापसाचा बोळा, आणि बोळा तेलाने निथळत होता. तिळाच्या तेलात लसूण कढवून कोमट दोन थेंब कानात घालावे, ठणका थांबतो, हे औषध या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, आणि ते घालण्याचा हात हौसाबाईंचा. तांडेल ओरडले नाहीत. त्यांनी नळीचे दार लावून घेतले आणि बोलिले, "आज महाल उघडत नाही. ताई, हे आत गेलं असतं तर मी तुम्हाला काही परत देऊ शकलो नसतो." मग कानाच्या वैद्याकडे जावे लागले, त्याने कान धुतले आणि दोन चार दिवस विश्रांती सांगितली, आणि राजवैद्यांनी शस्त्राचा दिवस पुढे ढकलिला.

परतीच्या रथात वैजयंताबाई हौसाबाईंस बोलल्या, आणि इतक्या दिवसांचे न बोललेले त्यात आले. "मावशी, पाटीवर लिहिलंय. तू वाचलंस. मोठ्यानं वाचलंस. तुला कळत नव्हतं, की कळून घातलंस?" हौसाबाई रस्त्याकडे पाहत बोलल्या, "बरणीत घालता आणि तेल नको म्हणता. तेलावाचून लोणचं नासतं, एवढं तुझ्या राजवैद्याला कोणी शिकवलं नाही वाटतं." "हसण्यावारी नेऊ नकोस. ती जळाली असती." हौसाबाई पदराचे टोक बोटास गुंडाळीत राहिल्या. तेव्हा मध्ये बसलेल्या बाईसाहेब बोलल्या, "तिला बोलू नकोस. मी घालायला सांगितलं." वैजयंताबाई बोलल्या, "इतका दुखत होता तर मला का नाही सांगितलंस?" "कान रोजच दुखतो. आज मला घरी बसायचं होतं." रथ चालत होता. बाईसाहेब पुढे बोलल्या, "आणि जळणार नव्हते मी. तांडेल रोज हुंगतो. त्याच्या नाकावर भरवसा होता म्हणून तर घातलं. तुला नुसतं नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

दुसरे दिवशी कोठे जावयाचे नव्हते. बाईसाहेब गच्चीवर उन्हात चटई टाकून बसल्या आणि बोलल्या, "आज तेल चालतं ना? मग डोक्याला लाव." मग हौसाबाईंनी खोबरेलाची वाटी आणिली आणि वैजयंताबाई मागे बसून आईच्या केसांस तेल लावू लागल्या. रोज धुऊन धुऊन केस दोरखंडासारखे राठ जाहले होते. बोटे त्यांत फिरू लागली तशी बाईसाहेबांची मान सैल पडली, आणि वैजयंताबाईंच्या ध्यानी आले की इतक्या दिवसांत आपण आईस हात लावला तो धरून चढविण्यास, धरून उतरविण्यास, आणि दुसऱ्या कशासही नाही. मग बाईसाहेब मान न वळविता बोलल्या, "किती राहिल्या गं बैठका?" "आधीच्या थोड्या. मग शस्त्र. मग नंतरच्या." "नाही गेले तर?" "जखम भरणार नाही. जबडा जाईल." "जाऊ दे म्हटलं तर?" वैजयंताबाई बोलल्या, "आई, तुला भाकरी खायची नाही का?" ही मात्रा लागू पडली हे त्यांस पाठीवरून कळले आणि ती द्यावी लागली याचे वाईटही वाटले. बाईसाहेब बोलल्या, "खायची आहे. कड खायची आहे. पण मी दमलेय वैजू. तू पण दमलीस. तुझं तुला दिसत नाही, मला काचेतनं रोज दिसतं. आत दुसरं काय आहे बघायला."

मग त्या फिरून बसल्या आणि बोलल्या, "उरलेल्या सगळ्या बैठका बसेन. कानात काही घालणार नाही. पण माझ्याशी तह कर." "कसला?" "तो गालातला परत आला, कुठंही आला, तर मला पुन्हा पाठवायचं नाही. किरण नको, सुया नको, दरबार नको." वैजयंताबाई बोलल्या, "असं आधीच कसं कबूल करू? मी विचारायचंसुद्धा नाही?" बाईसाहेबांनी विचार केला. "विचार. एकदा विचार. मी नको म्हणेन. दुसऱ्यांदा विचारायचं नाही." हौसाबाई बोलल्या, "आक्का, काही तरीच काय?" "तू जामीन राहा हौसे. ही विचारायला लागली तर हिचा हात धर." वैजयंताबाईंच्या मनात हिशेब ऐसा जाहला की, बंडखोर गेलेला आहे, तो येईल न येईल, आला तरी दूरची गोष्ट, आणि कोट तर आज पडतो आहे. उद्याच्या मुलखावर पाणी सोडून आजचा किल्ला राखणे हे मोठमोठ्या राज्यांनी केलेले आहे. म्हणोन त्या बोलल्या, "कबूल." तहाची शपथ म्हणोन बेलभंडार उचलण्याची चाल जुनी, परंतु घरात बेल नव्हता की भंडारा नव्हता. मग हौसाबाईंनी तेलाची वाटी मध्ये सरकविली आणि दोघींनी तीत बोट बुडविले, आणि तह पुरा जाहला. बाईसाहेबांनी ते बोट आपल्या कोपराच्या कोरड्या कातड्यास पुसले आणि बोलल्या, "वाया कशाला घालवा."

कान बरे जाहले आणि बाईसाहेब पुन्हा महालात उतरल्या, आणि तांडेलांनी हुंगून विचारिले, "आज काय फोडणीला?" बाईसाहेब बोलल्या, "आज नुसतं मीठ." बैठका पुऱ्या जाहल्या. मग शस्त्राचा दिवस आला. राजवैद्यांनी हलते दात काढिले, त्यांखालचे कुजलेले हाड खरवडीत गेले, आणि जेथे हाडातून ताजे रक्त आले तेथे थांबले. कोट पातळ राहिला होता म्हणोन आधारास धातूची एक बारीक पट्टी स्क्रूने बसविली. बाहेर येऊन बोलिले, "कडेला रक्त होतं. बरं लक्षण आहे. आता भरायला पाहिजे." आणि भरायला पाहिजे या दोन शब्दांवर वैजयंताबाईंनी पुढील दिवस काढिले.

शस्त्रानंतरच्या बैठका सर्वांत कठीण, कारण जखम ताजी, तोंड बांधलेले, आणि बोलणे बंद. ज्या बाईसाहेबांनी आरमाराच्या माणसास निरुत्तर केले त्या आता काचेआड गप्प निजत. मग तांडेलांनी सांगितले की पाण्याखाली पाणबुडे ठोके मारून बोलतात. एक ठोका होय, दोन ठोके नाही. मग वैजयंताबाई यंत्रावरून विचारीत, "कान दुखतो?" आणि आतून बोटाने काचेवर एक ठोका येई. "थांबवू?" दोन ठोके. "मी इथंच बसू?" यावर एकदा बराच वेळ काही आले नाही आणि वैजयंताबाई घाबरून उठल्या, तो एक ठोका आला, आणि बाईसाहेब काचेतून डोळे मिचकावीत होत्या.

आणि जखम भरली. शेवटल्या बैठकीच्या दिवशी बाईसाहेबांनी तांडेलांस विचारिले, "आता मी समुद्रात उतरू शकते का?" तांडेल बोलिले, "आई, तुम्ही माझी नोकरी घ्याल." पौष लागला तेव्हा राजवैद्यांनी चित्र पाहून सांगितले की हिरडी मिटली, हाड झाकले गेले, पट्टी जागेवर आहे, मऊ खाण्यास हरकत नाही. बाईसाहेबांनी मऊ हा शब्द ऐकिला नाही. त्या घरी आल्या आणि हौसाबाईंनी बाजरीची भाकरी थापिली. पहिले दिवशी वरचा पापुद्रा दुधात भिजवून. मग पापुद्रा कोरडा. मग काही दिवसांनी, उजव्या बाजूचे दात शाबूत होते त्यांनी, करपलेली कड. वैजयंताबाई सैपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या आणि बाहेरच्या खोलीतून कड मोडण्याचा आवाज येत होता, कर, कर, मध्ये पाण्याचा घोट, पुन्हा कर, कर. त्या ऐकत राहिल्या. भांडे हातात होते ते घासायचे राहिले. या राज्यात याहून मोठा नगारा वाजल्याची नोंद नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास. बाईसाहेबांस खोकला लागला आणि तो जाईना. राजवैद्यांनी छातीचे चित्र काढविले आणि वैजयंताबाईंस आत बोलाविले, आणि चित्रात डाव्या फुप्फुसात बंडखोराचे निशाण दिसले. कोट राखला होता तेव्हा शत्रू बहुधा दुसऱ्या वाटेने आत येऊन बसला होता. राजवैद्य बोलिले, "औषध आहे. बरं होणार नाही, पण काही महिने मिळतील. त्यांना विचारा." वैजयंताबाई घरी आल्या. हौसाबाई दाराशीच होत्या, त्या तिचे तोंड पाहून मागोमाग आत येऊन बसल्या. वैजयंताबाई आईच्या पलंगावर बसल्या आणि सर्व जसे होते तसे सांगितले, आणि मग बोलल्या, "आई, औषध घ्यायचं का?" बाईसाहेब बोलल्या, "नको." इतकेच. वैजयंताबाईंचे ओठ दुसऱ्या प्रश्नासाठी हलले. हौसाबाई उठून त्यांच्या बाजूस येऊन बसल्या आणि त्यांनी त्यांचे मनगट धरिले, जोराने नव्हे. बाईसाहेब बोलल्या, "जामीन चांगला निघाला."

मग चार महिने राज्य पूर्ववत चालले. बाईसाहेब रोज सकाळी अर्धी भाकरी खात, मग चतकोर, मग नुसती कड. कार्तिकात श्वास आखूड जाहला आणि दरबारातून प्राणवायूची एक उभी टाकी आणि नाकास लावण्याची नळी घरी आणिली. बाईसाहेबांनी ती पाहून विचारिले, "हे तहात बसतं का?" वैजयंताबाई बोलल्या, "बरणी नाही. नळी आहे." "मग राहू दे." पुढे बोलण्यास श्वास पुरेनासा जाहला, तेव्हा उशाशी स्टीलचा पेला ठेविला, आणि एक ठोका होय, दोन ठोके नाही, ही आरमाराची भाषा पुन्हा चालू जाहली.

मार्गशीर्षात एके दुपारी राजवैद्यांचा निरोप आला की, अजून दरबारी आणाल तर घशात नळी घालून यंत्रावर ठेवता येईल, आणखी आठ पंधरा दिवस निघतील, परंतु आज ठरवावे. वैजयंताबाई निरोप ऐकून आत आल्या. हौसाबाई बाजारात गेल्या होत्या. हात धरणारे कोणी नव्हते. त्या उशाशी बसल्या आणि बोलल्या, "आई." बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिले, आणि त्यांचे बोट पेल्याकडे सरकले आणि तेथेच थांबले. कोणता प्रश्न येतो आहे हे त्यांस कळले होते आणि उत्तराचे दोन ठोके त्या बोटात तयार होते. वैजयंताबाईंनी ते बोट पाहिले. आठ पंधरा दिवस म्हणजे किती सकाळी, हे मनात येऊन गेले. मग त्या बोलल्या, "उशी वर करू?" बोट तसेच राहिले, आणि मग पेल्यावर एक ठोका पडला. वैजयंताबाईंनी उशी वर केली. मग खोबरेलाची वाटी आणिली आणि प्राणवायूची टाकी बंद करून खोलीबाहेर नेऊन ठेविली, कारण तांडेलांचा कायदा त्या विसरल्या नव्हत्या, आणि घटकाभर आईच्या डोक्यास तेल लाविले, आणि आईचे केस कोरड्या फडक्याने पुसून, हात धुऊन टाकी परत आणिली. त्यानंतर तिसरे दिवशी सकाळी, ऊन गच्चीवर आले असता, मालनबाईसाहेब कैलासवासी जाहल्या.

पुत्र नसल्याने अग्नि वैजयंताबाईंनी दिला. तांडेल आले होते. ते चितेपाशी गेले नाहीत, लांब भिंतीशी उभे राहिले आणि धूर निघू लागला तेव्हा त्यांनी तोंड फिरविले. तिसरे दिवशी अस्थी वेचण्यास वैजयंताबाई व हौसाबाई दोघीच गेल्या. राखेवर दूधपाणी शिंपडले, ती चरचरली आणि शांत जाहली. मग एकेक तुकडा वेचून गाडग्यात घालीत असता काळी पडलेली एक बारीक पट्टी लागली, आणि पट्टीबरोबर हाड वर आले. स्मशानातला माणूस बोलिला, "जबडा आहे. एवढा सलग राहत नाही सहसा." हौसाबाई बोलल्या, "धातू नदीत नको, तो काढून टाक." वैजयंताबाईंनी हाड ओंजळीत घेतले आणि फुंकर घालून राख उडविली. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाड अखंड होते, मध्ये कोठे फट नव्हती. जेथे राजवैद्य खरवडीत थांबले होते ती जागा बोटास लागली, जरा खोलगट, कडेस गुळगुळीत. त्या ती जागा अंगठ्याने चाचपत राहिल्या. हौसाबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग गाडगे पुढे धरिले, आणि वैजयंताबाईंनी पट्टी अलग करून कोट त्यात ठेविला.

सारांश ऐसा की, कोट राखिला आणि राज्य गेले. काचमहालाने विहिरी खणल्या की वेळेनेच त्या खणल्या, याविषयी वैद्यांत दोन तट आहेत ते आहेतच. भाकरीची कड खाल्ली गेली, हे निश्चित. तह दोन्ही पक्षांनी पाळिला. हकीकत घडली तेवढी लिहिली. अधिक काही पुसणे असल्यास वाचणाराने एकदा पुसावे, दुसऱ्यांदा पुसू नये.